फोटोतला पोटखराबा

राजापूर तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. तिच्या सातबाऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखाली आणखी एक नोंद आहे: पोटखराब क्षेत्र, लागवडीस अयोग्य. आमच्या बाबतीत हा खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा आहे. गावात त्या जमिनीला पोटखराब कोणी म्हणत नाही, सडा म्हणतात. जांभ्याचा उघडा, काळवंडलेला कातळ, मधूनमधून हातभर खोल खळगे, कडेला करवंदीच्या जाळ्या, आणि वर डोळे दिपतील एवढं आभाळ.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात कॅमेरा गळ्यात अडकवून मी सड्याकडे निघालो, तेव्हा भाऊकाका पडवीत सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "अरे, तिथे काय आहे फोटो काढायला? नुसता कातळ. पुढे कड्यावर जा, तिथून समुद्र दिसतो." काकांनी सल्ला मनापासून दिला होता. महसूल खात्याने शेतीच्या हिशेबाने जे लिहून ठेवलं, तेच त्यांनी फोटोच्या हिशेबाने सांगितलं. सड्यात पीक नाही, म्हणून सड्यात फोटोही नाही.

या दोन हिशेबांचं नातं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे, असं मला गेली काही वर्षं वाटू लागलंय. फोटो काढण्याजोगं काय आहे हे ठरवणं आता छंदापुरतं उरलेलं नाही. ज्या जमिनीचा कोणी फोटो काढत नाही, ती गेल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि ही नजर आपली स्वतःची आहे असं आपण समजतो, ते तर फारच थोडं खरं आहे.

'पॉइंट' हा शब्द घ्या. महाबळेश्वरला आर्थर सीट, एल्फिन्स्टन, लॉडविक, बॅबिंग्टन. माथेरानला लुईझा, अलेक्झांडर, एको. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढला आणि पुढे तिथे गोऱ्या साहेबांचं थंड हवेचं ठिकाण वसलं. हे साहेब येताना डोंगर बघण्याची एक तयार रीत सोबत घेऊन आले होते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्याने निसर्ग 'चित्रासारखा' कसा पाहावा याचं मोठं वेड लावलं होतं. पुढे झाड हवं, मध्ये पाणी हवं, मागे निळसर डोंगर हवा, आणि प्रवाशाने नेमकं कुठे उभं राहायचं तेही ठरलेलं. हौशी मंडळी खिशात क्लॉड ग्लास नावाचा छोटा, फुगीर, काळसर काचेचा आरसा बाळगायची. ठरलेल्या जागी पोचलं की दृश्याकडे पाठ करायची आणि आरशात पाहायचं. आरशात सगळं आटोपशीर दिसायचं, रंग मवाळ व्हायचे, चौकट आयती मिळायची. आज कुठल्याही 'सेल्फी पॉइंट'वर जाऊन उभे राहा. दरीकडे पाठ, हातात काळी काच. अडीचशे वर्षांत फरक एवढाच पडला की आरशात आता आपलं तोंडही येतं. (महानगरपालिकांनी चौकाचौकांत 'आय लव्ह अमुक' अशी अक्षरं उभी केली आहेत. तिथे मागे दृश्य असण्याचीही अट उरलेली नाही.)

पॉइंटांना माझा विरोध नाही. आर्थर सीटवरून सावित्रीच्या खोऱ्यात पाहताना मीही गप्प होतो. पण पॉइंटाची सवय लागली की मन आपोआप दोन याद्या करतं: पाहण्याच्या जागा आणि त्यांच्यामधला रस्ता. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या दुसऱ्या यादीत पडतो.

अशा याद्यांचं पुढे काय होतं, याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. १८७१ मध्ये विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार सरकारी मोहिमेबरोबर यलोस्टोनला गेला. उकळते झरे, धबधबे, पिवळी दरी यांचे त्याचे फोटो आणि टॉमस मोरनची चित्रं वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींना दाखवली गेली, आणि १८७२ मध्ये यलोस्टोन जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच देशात कॅनडाच्या सीमेपासून टेक्सासपर्यंत उंच गवताचा अफाट माळ पसरलेला होता. तिथे कडा नाही, धबधबा नाही, कॅमेरा रोखावा असं एकही ठिकाण नाही. आज त्या गवताचा चार टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक आहे आणि त्याच्यासाठी कॅन्ससमध्ये राष्ट्रीय पातळीवरचं संरक्षित क्षेत्र झालं ते १९९६ मध्ये. मध्ये १२४ वर्षं गेली. आता हेही सांगायला हवं की गवत गेलं ते मुख्यतः खालच्या काळ्याभोर मातीमुळे; नांगराला ती हवीच होती. फोटो असते तर नांगर थांबला असता, असा माझा दावा नाही. पण यलोस्टोनच्या बाजूने बोलायला चित्रं होती, गवताच्या बाजूने कोणी नव्हतं, एवढं तरी त्या दोन तारखा सांगतात.

आपल्याकडचा माळ घ्या. सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग, इंदापूर, बारामती, सासवड. पाऊस बेताचा, माती वीतभर, वर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं. या माळावर लांडगा आहे, खोकड आहे, चिंकारा आहे, चंडोल आणि धाविक हे पक्षी आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरणारा धनगर आहे. माळढोकासाठी नान्नजच्या बाजूला १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आता तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. पण सरकारी कागदात या जमिनीचं नाव पडीक. दिल्लीहून निघणाऱ्या देशभरच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ आणि उघडा कातळ हे रीतसर प्रकार आहेत. आणि आपल्या डोळ्यांत त्याचं नाव ओसाड. झाड नाही म्हणजे काही नाही, ही समजूत इतकी खोल आहे की माळावर चर खणून ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावणं आपल्याला पुण्यकर्म वाटतं. राज्यात २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी रोपं लावण्याच्या मोहिमा झाल्या. त्या काळात वर्तमानपत्रात आणि फोनवर सगळ्यात जास्त दिसलेला फोटो कोणता? खड्डा, रोप, चार-पाच जण वाकून रोपाला हात लावलेले, सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडे. या फोटोत मागे जे गवत दिसतं त्याकडे कोणी पाहिलं असेल का? रोपाचा फोटो निघतो. गवताचा निघत नाही, कारण गवत आधीपासून तिथेच असतं, त्याचं उद्घाटन करता येत नाही.

गवताचा फोटो काढणं अवघड आहे, हे मी मान्य करतो. दुपारी बाराला माळावर उभं राहून फोन वर केला तर दोन पट्ट्या मिळतात, खाली मळकी पिवळी आणि वर पांढुरकी. फोनला ते सहन होत नाही. तो आभाळ निळं करतो, पिवळ्यात केशरी ओततो आणि आपल्याला खूश करू पाहतो. माळ दिसायला हवा असेल तर पोटावर झोपावं लागतं. नोव्हेंबरात सूर्य मागे घेऊन, गुडघ्याएवढ्या उंचीवरून पाहिलं तर कुसळीचं एकेक कूस पेटल्यासारखं दिसतं, आणि वाऱ्याची दिशा गवताच्या वाकण्यातून कळते. मला हे सुचलं नव्हतं. एका मेंढपाळाच्या पोराने सांगितलं, "बसून बघा की, हुबं राहून काय दिसतंय?"

सड्याची गोष्ट तर याहून मजेची आहे. कोकणातली कातळशिल्पं आज सगळ्यांना ठाऊक आहेत. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी ही नावं बातम्यांत येतात. २०२२ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातली मिळून नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सडे तुडवत गेले, गुराख्यांना विचारत गेले, तेव्हा ती एकेक करून नोंदली गेली. गुराख्यांना त्यातली काही माहीत होतीच. आम्ही शिकलेले लोक त्याच सड्यांवरून समुद्राच्या फोटोसाठी भरभर चालत गेलो होतो.

ती दिसत का नव्हती, याला एक साधं कारण आहे आणि ते कॅमेऱ्याच्या कामाचंच आहे. ही शिल्पं जमिनीवर आडवी कोरलेली आहेत, खोली थोडकी. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडतं, खाचेत सावली पडत नाही, आणि वाघ-मासे-माणसं सगळी कातळात विरून जातात. सकाळी सातला किंवा संध्याकाळी साडेपाचला जा. ऊन तिरकं येतं, खाचेच्या एका काठावर उजेड आणि दुसऱ्यावर अंधार, आणि रेघ उठते. पावसाळ्यात खाचेत पाणी साचलं तर पाणी आभाळ धरतं आणि चित्र चांदीच्या तारेने काढल्यासारखं होतं. कशेळीचा हत्ती तर साधारण अठरा मीटर लांब आहे. त्याच्या पाठीवर उभं राहूनही तो दिसत नाही, त्याला वरूनच पाहावं लागतं. काही हजार वर्षांपूर्वी ज्यांनी तो कोरला, त्यांनी तो पूर्ण कधी पाहिला असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता हाच तिरका उजेड घरात आणा. आमच्या मागच्या पडवीत एक पाटा उभा करून ठेवला आहे. मिक्सर आल्यापासून त्याच्यावर कोणी वाटत नाही. एका सकाळी दाराच्या फटीतून ऊन त्याच्यावर आडवं पडलं आणि टाकीचे, म्हणजे पाटा खरखरीत करायला छिन्नीने ठोकलेले, ठिपके उभे राहिले. कडेला दाट, मधोमध झिजून पुसट झालेले. "टाकीऽऽ लावायची का" अशी हाक देत दारोदार फिरणाऱ्या बायका माझ्या लहानपणी होत्या. त्यांनी ठोकलेलं प्रत्येक टोक त्या उजेडात मोजता येत होतं. पाट्याच्या मध्यभागी जो खोलगट बाक आला होता तो माझ्या आजीच्या हाताने, तीसेक वर्षांच्या नारळ-मिरचीने. सड्यावरच्या वाघाची रेघ आणि पाट्यावरची टाकी एकाच कोनातल्या उजेडाला उत्तर देतात. मला छायाचित्रणातलं जे काही कळलं त्यातलं निम्मं त्या सकाळी कळलं.

कॅमेऱ्याच्या इतिहासात हे नवीन नाही. एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. वळणावळणाची ती मिरची पाठ फिरवून बसलेल्या माणसासारखी दिसते. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला योसेफ सुदेक प्रागमधल्या आपल्या खोलीच्या खिडकीतला पाण्याचा पेला वर्षानुवर्षं टिपत राहिला. पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी जन्मभर काय गोळा केलं? अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्री, दौती. लोक मोडीत घालत होते ते त्यांनी उचललं, आणि पुढे वीस हजारांवर गेलेला तो संग्रह महाराष्ट्राच्या स्वाधीन केला. त्यांच्या संग्रहालयात अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभं राहिलं की कळतं, सुपारी कातरण्याच्या साध्या कामात कारागिराने पोपट आणि घोडे का आणले असतील ते. भाऊकाकांच्या हातात त्या दिवशी जो अडकित्ता होता, त्याचा फोटो मी काढला नाही, तो मूर्खपणा माझा.

इथे थांबून एक अडचण मांडायला हवी, कारण दुर्लक्षित वस्तूंच्या सौंदर्याची ही भाषा फार लवकर खोटी होते. महामार्गावरच्या हॉटेलांत तांब्याच्या बंबात मनीप्लँट लावलेलं असतं आणि जात्याची तळी भिंतीत बसवलेली असते. ती सजावट म्हणून चालतं, वाद नाही. खरा प्रश्न माणसांच्या वस्तूंचा आहे. मी एका फोटो स्पर्धेला परीक्षक होतो. तीनशेच्या आसपास फोटो. त्यात सुरकुतलेले हात किती होते ते मी मोजलं नाही, पण चुलीच्या धुरात शिरलेला कवडसा नऊ वेळा होता. त्यातला एक अप्रतिम होता: काळी भिंत, चुलीशी बसलेली बाई, कौलातून उतरलेली उजेडाची तिरीप, आणि धूर त्या तिरपेत मंद वळणं घेत असलेला. आम्ही त्याला पहिलं बक्षीस दिलं. मीही मत दिलं. घरी येताना डोक्यात आलं की तिरीप दिसते ती धुरामुळे, आणि तो धूर त्या बाईच्या छातीत रोज दोन वेळा जातो. ओलसर भिंतीचा पोत, गंजलेलं हातपंपाचं हँडल, फुटक्या कपातला चहा. हे 'सुंदर' वाटणं आपल्याला परवडतं, कारण आपण तिथून निघून जाणार असतो.

यावर माझ्याकडे नियम नाही, एक कसोटी आहे: ज्याच्या वापरातली ती वस्तू आहे, त्याला फोटो दाखवून त्यात काय दिसतं हे विचारावं. पाट्याचा फोटो आईला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "टाकी संपत आली होती बघ, म्हणून शेवटी शेवटी चटणी भरड व्हायची." माझ्या फोटोत होतं त्यापेक्षा जास्त तिने पाहिलं. धुराचा फोटो त्या बाईला दाखवला असता तर ती काय म्हणाली असती? बहुधा गॅसच्या सिलिंडरची किंमत सांगितली असती. तो फोटो काढूच नये असं नाही, पण त्याचं शीर्षक 'सुवर्णकिरण' नक्कीच ठेवू नये.

दुसरा आक्षेप माझे निसर्गअभ्यासक मित्र घेतात, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, सौंदर्याचं लोढणं जमिनीच्या गळ्यात बांधू नका. सडा जपायचा तो तिथे मुरणाऱ्या पाण्यासाठी, खालच्या वाडीच्या विहिरींसाठी, दगडाखालच्या फुरशासाठी. फुरसं सुंदर दिसलंच पाहिजे का? आणि सौंदर्याने काय होतं ते कासला पाहा. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, फुलांच्या गालिच्याचे फोटो घरोघर पोचले, आणि सप्टेंबरातल्या रविवारी साताऱ्याहून वर जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागू लागली. मग ऑनलाइन नोंदणी आली, रोजच्या पर्यटकांना मर्यादा आली, कुंपण आलं, आणि गुरांचं चरणं थांबल्याने फुलांवर उलटाच परिणाम होतोय असं बोललं जाऊ लागल्यावर कुंपण निघालंही.

पहिल्या मुद्द्याला माझं उत्तर असं: पाण्याचा, फुरशाचा मुद्दा शंभर टक्के खरा, पण 'तिथे काही नाही' हे वाक्य अहवालातून जन्मलेलं नसतं. ते डोळ्यांनी केलेलं विधान असतं. ग्रामसभेत ते कोणीतरी हात हलवून म्हणतो आणि सगळे माना डोलावतात. एखादी जागा रिकामी आहे असं पटवायचं असेल तर तिचा फोटो एप्रिलमध्ये, दुपारी, उभ्याने काढावा, काम झालं. त्याला डोळ्यांनीच उत्तर द्यावं लागतं.

कासचं उत्तर अवघड आहे. मला वाटतं, तिथे गोंधळ झाला तो एकाच क्षणाच्या फोटोमुळे. सगळ्यांनी एकच गालिचा टिपला. सीतेच्या आसवांची जांभळी झाक, तेरड्याची गुलाबी, पाय ठेवायला जागा नाही असं वाटावं अशा उंचीवरून. तो फोटो बघणाऱ्याला एवढंच सांगतो की अमुक तारखेला ये आणि गर्दीत उभा राहा. जानेवारीत वाळलेल्या गेंदाच्या काड्या, मे महिन्यात कातळाच्या भेगेत आक्रसून बसलेलं जीवन, जूनच्या पहिल्या सरीनंतर चार दिवसांत हिरवी होणारी खळग्याची कड, हे कोणी दाखवलंच नाही. बारा महिन्यांचे बारा फोटो शेजारी शेजारी लावले असते तर लोकांना आपल्या गावाबाहेरचा माळही तसाच वाचता आला असता. आणि मग सगळ्यांना साताऱ्यालाच जावं लागलं नसतं.

म्हणून त्या स्पर्धेच्या आयोजकांना पुढच्या वर्षी मी सुचवलं की एक विभाग असा ठेवा: घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा, तीन ऋतू, तीन फोटो, रंग वाढवायचे नाहीत. ते हसून म्हणाले, प्रवेशिका येणार नाहीत. कदाचित खरं असेल. पण २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. तिच्यात गावातल्या शाळेच्या मुलांनी काढलेले पोटखराब्याचे बारा महिन्यांचे फोटो का असू नयेत? फोन आता वाडीवाडीवर आहेत. खर्च शून्य. जिल्ह्याच्या पर्यटन दिनदर्शिकेत बारा पानांवर बारा किल्ले आणि समुद्रकिनारे असतात. त्यातल्या दोन पानांवर माळ आणि सडा आला तर किल्ल्यांचा अपमान होणार नाही.

आमच्या सड्याला लागून जो सडा होता, तो पाच वर्षांपूर्वी विकला गेला. घेणाऱ्याने सुरुंग लावून खड्डे घेतले, ट्रकने माती आणली, आंब्याची कलमं लावली. व्यवहार कायदेशीर, आणि त्याच्या पोटापाण्याबद्दल मला बोलायचा अधिकार नाही. पोटखराबा लागवडीखाली आला. त्या सड्यावर पावसाच्या सुरुवातीला दीपकाडीची पांढरी फुलं यायची, एवढं मला आठवतं. कुठल्या बाजूला, किती, ते आता सांगता येत नाही. परवा जुनी हार्ड डिस्क काढून शोधलं. त्या जागेचे माझ्याकडे अकरा फोटो आहेत. अकराही सूर्यास्ताचे. सूर्य लाल, आभाळ लाल, आणि सडा खालच्या कडेला एक काळी पट्टी.